छप्पर आणि दारे

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे चार माणसे हमखास जेवायला असत. त्यांना पाहुणे म्हणणे बरोबर होणार नाही. ती छप्पर उचलायला येत. घराचे नव्हे, जीपचे. आदल्या दिवशी जीपची पूजा होई, बॉनेटवर झेंडूची माळ आणि आपट्याची पाने पडत, चाकाखाली लिंबू ठेवले जाई. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पान्हा घेऊन बाहेर येत. चौदा नट होते. प्रत्येकाशेजारी अण्णांनी पांढऱ्या रंगाने आकडा घातला होता. आमच्या घरात शब्दांवरून पुष्कळ घोटाळे होत, पण आकडे तेवढे मराठीला आणि हिंदीला सारखेच चालत. नट निघाले की चार कोपऱ्यांना चार माणसे उभी राहत, अण्णा "हं" म्हणत, आणि ते पत्र्याचे धूड वर उचलले जाऊन आंब्याच्या फांदीला बांधलेल्या कप्पीला लटके. ते तिथेच, खाली चार विटांचा आधार घेऊन, मृगापर्यंत राही.

सरदारपूर हे धार जिल्ह्यातले तहसिलीचे गाव, इंदूरहून अहमदाबादला जाणाऱ्या वाटेवरचे, माही नदीच्या काठी. इंग्रजी अमलात येथे माळवा भिल्ल पलटणीची छावणी होती. पवारांचे धार येथून पंचेचाळीस किलोमीटर, म्हणजे मराठी माणूस या भागाला नवा नाही. पण धार-देवासची मराठी निराळी आणि आमची निराळी. आमच्याकडे वाड्या-वस्त्यांत भिली, बाजारात माळवी, कचेरीत हिंदी आणि उंबऱ्याच्या आत मराठी. ज्यांचे गाव दोन भाषांच्या शिवेवर आहे त्यांना हे समजावून सांगायला नको.

अण्णा गुरांचे डॉक्टर. सरकारी नोकरीत त्यांच्या वाट्याला आलेली वाहने बहुतेक वेळ उभीच असत, म्हणून 1979 साली एका खात्याच्या लिलावात त्यांनी स्वतःच्या पैशांनी ही जीप घेतली. उंच बॉनेटची, आखूड, सीजे थ्री-बी जातीची. महिंद्रांनी 1949 मध्ये मुंबईत माझगावला विलीसच्या जीपचे सुटे भाग आणून जोडणी सुरू केली, त्या घराण्यातलीच ही पुढची पिढी. या गाडीला जन्मतः दारे नसतातच. ती मुळी लढाईसाठी जन्मली. 1940 साली अमेरिकी सैन्याने हलकी, चारही चाकांना ओढ असलेली गाडी मागितली, तेव्हा शिपायाला चटकन उडी मारून उतरता यावे हा हिशेब होता. दाराच्या जागी कमरेएवढी खाच, आणि पडू नये म्हणून एक पट्टा. पुढची काच चौकटीसकट बॉनेटवर आडवी पडते. डोक्यावर लोखंडी कमानी आणि त्यांच्यावर कॅनव्हासचा हूड.

अण्णांना ती तशीच आवडे. उन्हाळ्यात हूडही काढून ठेवत. डावा हात स्टिअरिंगवर, उजवा बाहेर मोकळा, आणि वेग सायकलवाल्याच्या बरोबरीचा. वस्तीवरून जाताना माणसे गाडीबरोबर चालत चालत बोलत. "डाक्टर साब, गाय खा नहीं रही." "जुगाळी कर रही है?" "थोड़ी थोड़ी." अशी तपासणी पन्नास पावलांत होई. पुष्कळदा औषधही चालत्या गाडीतूनच दिले जाई. पावसाळ्यात तर या उघड्या गाडीला आणखी एक मान होता. सरदारपूरच्या माळांवर, ज्यांना इकडे बीड म्हणतात त्या गवताच्या राखीव रानांत, तणमोर येतो. हिंदीत खरमोर. कोंबड्याएवढा पक्षी, पण विणीच्या दिवसांत नर गवताच्या वर सरळ उडी घेतो, पंख फडफडवतो आणि पुन्हा त्याच जागी उतरतो. दिवसभरात अशा शेकडो उड्या. डॉ. सलीम अलींनी या पक्ष्याकडे सरकारचे लक्ष वेधले होते, आणि 1983 साली येथे त्याच्यासाठी सुमारे 348 चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. अभयारण्य म्हणजे जंगल असे समजू नका. त्यात लोकांची शेते होती, आणि त्या शेतांच्या खरेदी-विक्रीवर निर्बंध आल्यामुळे गावोगाव जो कडवटपणा आला तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. सांगायचे एवढेच की गवत छातीएवढे झाले की तणमोर जमिनीवरून दिसत नाही, आणि बंद गाडीतून तर नाहीच. उघड्या जीपमध्ये बाकावर उभे राहिले तर दिसतो. मी पहिला तणमोर असाच पाहिला, अण्णांच्या खांद्याला धरून.

आईचे मत वेगळे होते, आणि तिच्या मताला कारण होते. तिला दमा. फुफाटा, पाऊस, थंडी या तिन्ही गोष्टी तिच्या छातीला वर्ज्य, आणि जीप म्हणजे या तिन्ही गोष्टींचे घर. माहेरी किंवा लग्नाकार्याला जायचे तर ती पदराची दुहेरी घडी नाकाला बांधून बसे आणि उतरल्यावर तासभर कोणाशी बोलत नसे. रागाने नव्हे, दम नसे म्हणून. "अहो, एक दार लावून घ्या हो," हे वाक्य मी माझ्या लहानपणी किती वेळा ऐकले असेल!

म्हणून 1983 च्या उन्हाळ्यात अण्णा इंदूरला जाऊन मोडीच्या बाजारातून एक पत्र्याचे छप्पर घेऊन आले. स्वस्त पडले म्हणून खूश होते. दारे त्यांनी गावातल्याच एका लोहाराकडून करवून घेतली. छप्पर निघाले दुसऱ्याच जातीच्या जीपचे. पुढच्या काचेच्या चौकटीवर ते दोन बोटे अधांतरी राहिले, मागे मात्र टेकले. दारांची वरची चौकट छपराच्या पन्हाळीला जिथे भिडायला हवी तिथे तीन सूत बाहेर. पहिल्याच पावसात पाण्याची धार नेमकी आईच्या मांडीवर. उघड्या जीपमध्ये निदान सगळ्यांवर सारखा पाऊस पडे, आता तो एकटीवर पडू लागला.

तेव्हा अण्णा उस्तादांकडे गेले. राजगढच्या रस्त्याला त्यांची टपरीवजा वर्कशॉप होती. ट्रकच्या बॉडीचे काम करीत. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "साब, छत किसी और की, दरवाज़े किसी और के, और बदन तीसरे का. ये रिश्ता नहीं जमेगा." अण्णांनी विचारले, ठोकून-बिकून? उस्ताद हसले. दोन्ही एकाच मापाने, एकाच हाताने, या गाडीवरच करावे लागतील, नाहीतर पैसे पाण्यात.

ते काम मी पंधरा दिवस रोज पाहिले. कॉलेजची सुट्टी होती. आधी त्यांनी चौकोनी नळीचा सांगाडा जीपवर उभा केला. मग जे केले ते मला त्या वेळी वेडेपणाचे वाटले. पुढचे डावे चाक जॅकने उचलून त्याखाली फूटभर उंचीचा दगड सरकवला, आणि मागच्या उजव्या चाकाखाली दुसरा. आणि पुठ्ठ्याचा फर्मा घेऊन दाराची जागा मोजू लागले. सपाट जमिनीवर चौकोन होता, तो आता किंचित तिरपा झालेला. जीपचा सांगाडा, म्हणजे खालची चासी, शिडीसारखी असते. दोन लांब गर्डर आणि त्यांच्यात आडव्या पट्ट्या. एक चाक खड्ड्यात गेले की ती शिडी पिळवटते, आणि वरची बॉडी रबराच्या ठोकळ्यांवर बसवलेली असली तरी तीही थोडी पिळवटते. हूडचे कापड हे सगळे सोसते. पत्रा सोसत नाही. सपाट जमिनीवर ज्याचे दार नखाएवढी फट न ठेवता बसते, त्याचे दार नाल्यात अडकते. उघडत नाही, नाहीतर आपोआप उघडते. उस्तादांनी दोन्ही मापे घेतली आणि त्यांच्या मधली धरली. सगळीकडे दोन सूत मोकळे सोडून त्या फटीत जुन्या ट्यूबच्या रबराची पट्टी बसवली. अण्णा म्हणाले, फट दिसते आहे. उस्ताद म्हणाले, "दिखने दो साब. जो जोड़ हिले नहीं, वो टूटता है."

शब्दांची गंमतही त्याच पंधरा दिवसांतली. उस्ताद बिजागरीला 'कब्जा' म्हणत. त्यांनी निरोप पाठवला, "बहनजी से कहना कब्जा कल मिल जाएगा," तेव्हा आईला वाटले गाडीच आणखी कोणाकडे गहाण होती की काय. मागच्या फाळक्याला ते 'डाला' म्हणत. अण्णांनी मात्र दोन्ही शब्द एकाच वाक्यात वापरायची सवय लावून घेतली होती, तीच मलाही आहे.

या रचनेत एक गोष्ट होती, ती तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही. जीपच्या बॉडीला दाराच्या मागे खांब नसतो, नुसती खाच. दाराची कडी अडकायला काहीतरी हवे. उस्तादांनी तो खांब छपरालाच जोडला. छप्पर बसवले की खांब येई, खांब आला की दार लागे. दिसायला फार सुबक. पण याचा अर्थ असा की छपराशिवाय दारांचा काही उपयोग नव्हता. दोघे आले तर बरोबर, नाहीतर दोघेही नाहीत.

अण्णा-आईचा तह मग असा ठरला की मृगाला छप्पर चढवायचे आणि दसऱ्याला उतरवायचे. पावसाळा आईचा, बाकीचे वर्ष अण्णांचे. आठ वर्षे हा तह चालला. जुना कॅनव्हासचा हूड मध्यंतरी कडब्यावर झाकायला गेला, आणि त्याला उंदरांनी कुरतडले.

येथे थोडे विषयांतर करतो. आमच्या तिकडची ही खटपट काही जगावेगळी नव्हती. जीपच्या मूळ मुलखातही लोक वर्षानुवर्षे कापड आणि पत्रा यांच्या मध्ये अडकलेले होते. तिथे 1976 साली सीजे-सेव्हन नावाची जीप आली तेव्हा कुठे कंपनीकडूनच काढता-घालता येणारे साच्यातले छप्पर आणि त्याला जुळणारी पोलादी दारे हवी तर मिळू लागली. आमच्या धार जिल्ह्यातच पीथमपूरला बजाज टेम्पोचा, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सचा, कारखाना आहे. तिथल्या ट्रॅक्स गाड्यांनी आमच्या भागातल्या सवारीच्या जीपांची जागा कधी घेतली ते कळलेही नाही. आणि 2 ऑक्टोबर 2020 ला महिंद्रांची नवी थार बाजारात आली, ती आपल्या नाशिकला बनते, तीत तेव्हा कापडी छप्पर किंवा पक्के छप्पर यांतले एक गिऱ्हाइकाला निवडता येई. माझा पुतण्या पक्के छप्परवाली घेऊन दाखवायला आला होता. दार 'ठप्' असे लागते, फट दिसत नाही. मी उस्तादांचे दोन सूत त्याला सांगायला गेलो, पण तो गाण्यांचा आवाज कमी करायला विसरला होता.

असो. 1991 च्या जानेवारीतली गोष्ट. माळव्यात जानेवारीची थंडी हाडात शिरते. रात्री अकराच्या सुमारास आईला धाप लागली. नेहमीच्या गोळ्या झाल्या, वाफ झाली. एक वाजता तिचे ओठ निळसर दिसू लागले. गावात त्या वेळी जे मिळण्यासारखे होते ते मिळाले होते. धारला नेणे भाग होते. छप्पर आंब्याला लटकत होते. अण्णा आणि मी कंदील घेऊन तिथे गेलो, शेजारच्या दोघांना उठवले. कप्पीची दोरी थंडीने आणि दवाने ताठलेली. छप्पर बसवून नट आवळायला तासभर तरी लागला असता. अण्णांनी पडवीतून एक दार आणून बिजागरीवर चढवले, लावून पाहिले, आणि ते हातातच राहिले. कडी अडकायला खांबच नव्हता. ते दार त्यांनी अंगणात टाकले. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

आम्ही तिला तसेच नेले. पुढची काच उभी केली, आईला पुढे बसवले, अंगावर दोन रजया आणि एक घोंगडी, आणि मी मागून उभा राहून ताडपत्रीचे टोक तिच्या बाजूला धरून ठेवलेले. वाऱ्याने ती सारखी हातातून सुटे. अण्णांना वेगही वाढवता येईना, वेग वाढला की वारा वाढे. आणि हळूही जाता येईना. पंचेचाळीस किलोमीटर. वाटेत अण्णा एक शब्द बोलले नाहीत. आईच्या छातीची शिट्टी इंजिनाच्या आवाजावरून ऐकू येत होती, आणि ती ऐकू येते आहे याचेच मला बरे वाटत होते.

आठ दिवसांनी ती घरी आली. बरी होऊन आली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी मी आतल्या खोलीबाहेरून जात होतो तेव्हा तिचा आवाज ऐकला. चढा नव्हता, पण ठाम होता. "आता पुरे झालं हं. आता पुरे." अण्णा बाहेर आले ते थेट आंब्याखाली गेले. आंघोळीच्या आधी त्यांनी माणसे बोलावून छप्पर चढवले, दारे चढवली, चौदा नट आवळले, आणि मग हातोडी घेऊन प्रत्येक बोल्टाचे पुढे आलेले टोक ठोकून चेपले. म्हणजे आता नट कधीच निघणार नव्हते.

त्यानंतर दसऱ्याला चार माणसे जेवायला आली नाहीत. अण्णा अठरा वर्षे त्या बंद जीपमधून हिंडले. निवृत्तीनंतरही वस्त्यांवर जात, पण माणसे आता गाडीबरोबर चालत नसत. काच सरकवायला वेळ लागे, तोवर गाडी पुढे गेलेली असे. तणमोर पाहायला ते पुन्हा गेले नाहीत. मी नोकरीला लागलो, लग्न झाले, मुले झाली, आणि या सगळ्या काळात माझ्या मनात आईविषयी एक अढी होती. ती मी कधी बोलून दाखवली नाही. तिला सगळे करीत होतो, औषधपाणी, डॉक्टर, पंपाचे श्वास. पण तिने त्यांना कोंडले, हे आत कुठेतरी लिहून ठेवलेले होते. 'आता पुरे' हे दोन शब्द त्याच्या पुराव्याला होते. अण्णा 2009 मध्ये गेले.

2019 साली जीपच्या नोंदणीची मुदत संपत होती. आपल्या कायद्यात खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यायची. याआधीही ते झाले होते आणि छपराविषयी कोणी विचारले नव्हते. या वेळचे तपासणी अधिकारी तरुण आणि सौम्य होते. त्यांनी पुस्तक पाहिले, गाडी पाहिली, पुन्हा पुस्तक पाहिले. पुस्तकात गाडी उघडी, कॅनव्हास हूडची. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: कारखानदाराने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षीच्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हे कलम पुन्हा स्पष्ट केले होते, त्यामुळे सगळीकडेच बारकाईने पाहणे सुरू झाले होते. ते म्हणाले, "सर, जैसी किताब में है, वैसी ले आइए." मला राग आला नाही. छत्तीस वर्षे आम्ही सरकारच्या दृष्टीने उघड्याच जीपमधून हिंडत होतो, एवढेच नवल वाटले.

उस्ताद केव्हाच गेले होते. त्यांचा नातू ग्राइंडर घेऊन आला. चेपलेली चौदा टोके एकेक करून कापली गेली, ठिणग्या अंगणभर. आई, चौऱ्याऐंशी वर्षांची, पडवीत खुर्चीवर नाकाला पदर लावून बसली होती. सातव्या नटाशी ती म्हणाली,

"हे यांनी रागाने ठोकले होते, नाही रे?"

मी म्हणालो, "तू म्हणालीस म्हणून ठोकले."

"मी? मी कधी म्हणाले?"

मग मी बोललो. अठ्ठावीस वर्षांनी. त्या सकाळी मी बाहेर होतो, तू त्यांना म्हणालीस, आता पुरे झालं. ती माझ्याकडे बघत राहिली. आठवायला तिला थोडा वेळ लागला.

"अरे, ते सारखं माफ कर, माफ कर म्हणत होते. दवाखान्यात आठ दिवस तेच, घरी आल्यावर तेच. रात्रभर झोपले नव्हते. म्हटलं, आता पुरे." थोड्या वेळाने म्हणाली, "छपराचं मी काही बोलले नव्हते. दसरा आला तेव्हा म्हटलं होतं, काढा की या वेळी. तर म्हणाले, नको, असू दे. मला वाटलं, वय झालं, त्यांनाही थंडी सोसत नसेल. मग मी नाही पुन्हा विचारलं."

ग्राइंडर पुन्हा सुरू झाला. मला तेव्हा काही बोलता आले नाही, आणि त्या आवाजात बोलण्याची गरजही पडली नाही, हे बरे झाले.

छप्पर उतरले. आता आंबा नाही, त्यामुळे ते अंगणाच्या कोपऱ्यात चार विटांवर ठेवले. शेजारणीच्या कोंबड्या त्याखाली बसतात. दारे पडवीच्या भिंतीला टेकलेली आहेत. नव्या कॅनव्हासचा हूड इंदूरला शिवून घेतला, कमानी मात्र जुन्याच सापडल्या, गोठ्याच्या माळ्यावर.

तपासणीला न्यायच्या आदल्या संध्याकाळी मी इंजिन गरम करायला गाडी बाहेर काढली. आई फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, मी बसते. मी म्हणालो, धूळ आहे. तिने पंप कमरेला खोचलेला दाखवला आणि पदराची दुहेरी घडी नाकावर बांधली. तिला वर चढवायला दोघे लागले. हूड चढवलेला नव्हता. माहीच्या पुलाच्या दिशेने आम्ही निघालो, दुसऱ्या गिअरमध्ये. वस्तीशी एक म्हातारी डोक्यावर भारा घेऊन चालली होती. तिने गाडी ओळखली आणि गाडीच्या बरोबरीने चालू लागली. "डाक्टर साब की गाड़ी है ना बाई?" आई पदर खाली ओढून "हां हां" म्हणाली. मग तिची म्हैस, मग सून, मग गुडघे असे बोलणे निघाले. मी सवयीने गिअर बदलायला गेलो तर आईने माझ्या हातावर चापट मारली.

"अरे, हळू. तिचं बोलणं व्हायचंय अजून."